एवढी माणसं खोटं बोलतील का?

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी ब्रह्मपुरीहून पुतण्याचा फोन आला. आमच्याकडे ॲरिझोनात सकाळ म्हणजे तिकडे रात्र. मागे चहाच्या टपरीचा गलका ऐकू येत होता.

"काका, स्पीकरवर टाकतो बरं का. इथे आमचे सर बसले आहेत, ऐकायलाच तयार नाहीत. त्यांना जरा सांगा, तुम्ही फीनिक्सला यान पाहिलं होतं ना? तुमच्या डोक्यावरून गेलं होतं ना ते?"

मी गप्प. काय बोलणार? गोष्ट मीच सांगितलेली. २००१ साली सुट्टीवर गेलो होतो तेव्हा गच्चीवर गाद्या टाकून झोपलेल्या सगळ्या पोराटोरांना मी ती हातवारे करून सांगितली होती. हा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. आज त्याला दोन मुलं आहेत आणि तीच गोष्ट तो त्यांना सांगतो. माझ्या नावासकट!

"अरे, मी दिवे पाहिले होते. यान नाही पाहिलं," मी म्हणालो.

टपरीवर एक क्षण शांतता. मग कुणीतरी (बहुधा सरच) मोठ्याने हसलं. पुतण्या चांगलाच हिरमुसला. आणि मग त्याने तो प्रश्न टाकला, जो मी गेली पंचवीसेक वर्षं दोन्ही देशांत ऐकत आलो आहे. "पण काका, हजारो लोकांनी पाहिलं ना? एवढी माणसं खोटं बोलतील का?"

मंडळी, आजचा लेख या एका प्रश्नावर. माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच खोटा आहे. त्याला 'हो' म्हटलं तर हजारो भल्या माणसांचा अपमान होतो आणि 'नाही' म्हटलं तर परग्रहवासी पदरात पडतात. दोन्ही बाजूंनी आपणच फसतो. ज्याला आपल्याला काही विकायचं असतं किंवा आपल्यापासून काही लपवायचं असतं, त्याला हाच प्रश्न सोयीचा असतो.

आधी झालं काय ते सांगतो.

१३ मार्च १९९७, गुरुवार. मला अमेरिकेत येऊन वर्षही झालं नव्हतं. एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, फीनिक्सच्या उत्तर भागात एका टेकडीच्या उतारावर दुसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट. बाल्कनीतून सगळं खोरं दिसायचं आणि लांब नैर्ऋत्येला सिएरा एस्त्रेया नावाच्या डोंगरांची काळी रेघ. त्या दिवसांत सगळं गावच संध्याकाळी अंगणात असायचं, कारण हेल-बॉप धूमकेतू ऐन भरात होता. त्यातून आमच्या ॲरिझोनाला त्याचा विशेष अभिमान. ज्या दोघांच्या नावावर तो आहे त्यांतला थॉमस बॉप हा इथलाच. बांधकामाच्या सामानाच्या कंपनीत नोकरी करणारा माणूस. १९९५च्या जुलैत मित्राच्या दुर्बिणीतून बघताना त्याला तो सापडला. तेव्हा एरवी टीव्हीपुढे बसणारी माणसं मान वर करून उभी होती, हे लक्षात ठेवा.

त्या रात्री दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या. इथेच पहिली गंमत आहे, कारण नंतर सगळ्यांनी त्यांची एकच गोष्ट करून टाकली. मीसुद्धा.

पहिली घटना आठ ते पावणेनऊच्या दरम्यानची. पाचेक दिव्यांची 'व्ही' आकाराची रचना वायव्येकडून आली, प्रेस्कॉटवरून फीनिक्सवर आणि तिथून आग्नेयेला टूसॉनकडे निघून गेली. ती पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी सांगितलं की दिव्यांच्या मधे एक प्रचंड काळा आकार होता, मैलभर लांबीचा, आणि त्याचा आवाज येत नव्हता.

दुसरी घटना रात्री दहाच्या सुमाराची. नैर्ऋत्येच्या आकाशात पिवळसर, अतिशय तेजस्वी दिवे एकामागोमाग एक उजळले, कमानीसारखे ओळीत थांबले आणि काही मिनिटांनी एकेक करून गेले. जगभर जे व्हिडिओ दाखवतात ते बहुतेक सगळे या दुसऱ्या घटनेचे.

आता दुसरीचा उलगडा आधी. फीनिक्सच्या नैर्ऋत्येला साठेक मैलांवर बॅरी गोल्डवॉटर रेंज नावाचं वायुदलाचं सरावाचं प्रचंड मैदान आहे. मेरीलँड राज्याच्या नॅशनल गार्डची ए-१० विमानं त्या हिवाळ्यात टूसॉनच्या तळावर सरावासाठी आली होती. त्या रात्री परत जाताना त्यांनी उरलेल्या फ्लेअर टाकून दिल्या. फ्लेअर म्हणजे पॅराशूटला टांगलेली मॅग्नेशियमची मशाल. युद्धात खालची जमीन उजळायला वापरतात. चार-पाच मिनिटं जळते. जळताना तिच्याच उष्णतेने वरचं पॅराशूट फुगून राहतं, म्हणून ती फार हळू उतरते आणि लांबून जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसते. मग ती 'गेली' कशी? त्याच जागेवरून दिवसा काढलेलं डोंगराचं चित्र रात्रीच्या व्हिडिओवर ठेवून बघितलं, तेव्हा कळलं की दिवे डोंगराच्या कडेपाशी पोचल्यावर नाहीसे होत होते. एस्त्रेयाच्या मागे मावळत होते, बस्स.

पहिल्या घटनेची गोष्ट मला जास्त आवडते. त्या वेळी फीनिक्स भागातला एक हौशी आकाशनिरीक्षक, विशीतला पोरगा, दहा इंची दुर्बीण घेऊन अंगणात उभा होता. त्याने दिवे दिसताच दुर्बीण तिकडे वळवली. साध्या डोळ्यांना जो एक दिवा दिसत होता तो दुर्बिणीत दोन झाला, आणि ते दिवे पंखांवर होते. विमानं! शेजारी उभ्या आईने विचारलं, काय आहे रे? तो म्हणाला, विमानं आहेत. आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. नंतर गावभर बोंब झाली तेव्हा त्याने नगरसेविकेला कळवलं, वर्तमानपत्राला कळवलं. कुणी विशेष लक्ष दिलं नाही. शेवटी जूनमध्ये एका स्थानिक साप्ताहिकाने छापलं.

हजारोंच्या विरुद्ध एक. पण हजारोंकडे नुसते डोळे होते आणि त्याच्याकडे दुर्बीण. आमच्या कारखान्यात चिपवर दोष आहे की नाही यावर मतदान घेत नाहीत, ती मायक्रोस्कोपखाली ठेवतात. पंचवीस माणसं 'स्वच्छ दिसते' म्हणाली आणि मायक्रोस्कोपखाली तडा दिसला, तर तडा आहे.

इंजिनिअर माणसाने आणखी एक हिशोब करायला हवा होता, जो मी त्या काळी केला नाही. प्रेस्कॉटपासून टूसॉनपर्यंत साधारण दोनशे मैल. ते अंतर कापायला रचनेला लागला सुमारे अर्धा तास. म्हणजे ताशी चारशे मैल. जेट विमानाला शोभेल असाच वेग. आता जी गोष्ट ताशी चारशे मैलांनी जाते आणि तरीही 'तरंगत गेली' असं वाटतं, ती फार उंचावर असली पाहिजे. जवळ असती तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत गेली असती. आणि फार उंचावर असेल तर आवाज न येणं यात नवल काय?

"पण तो काळा आकार?" तो आपण भरतो. अंधारात पाच दिवे एका रचनेत दिसले की मेंदू त्यांच्यामधली जागा बंद करून टाकतो. आपले पूर्वज सात ताऱ्यांत सप्तर्षी बघत आलेच की. त्या रचनेचाही एक घरगुती व्हिडिओ आहे आणि त्यात दिव्यांची आपापसातली अंतरं बदलताना दिसतात. एका सलग वस्तूला लावलेले दिवे असे सरकत नाहीत. रात्रीच्या आकाशात एकट्या दिव्याचं अंतर डोळ्यांना कळत नाही. अंतर कळलं नाही की आकार कळत नाही. आकार कळला नाही की वेग कळत नाही. तिन्ही गोष्टी आपण अंदाजाने भरतो आणि मग 'पाहिलं' म्हणून सांगतो.

आता माझी कबुली.

२००१ पर्यंत माझी गोष्ट अशी झाली होती: मी आणि बायको बाल्कनीत उभे, आकाशातून एक काळा त्रिकोण आमच्या डोक्यावरून अतिशय हळू गेला, त्याच्या मागचे तारे झाकले गेले, कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली, मित्रांच्या पॉटलकला सांगितली, गणेशोत्सवात स्टेजवरून माईक हातात घेऊन सांगितली. टाळ्या पडल्या. ब्रह्मपुरीच्या गच्चीवर तर विचारू नका.

बाबा तेव्हा गच्चीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. ते शाळेत विज्ञान शिकवायचे, निवृत्त झाले होते. गोष्ट संपली तशी पोरं "आणखी सांगा, आणखी सांगा" करत होती. बाबांनी एवढंच विचारलं, "घड्याळ पाहिलं होतंस का? कुठल्या दिशेला? त्याच दिवशी लिहून ठेवलंस का?" मला राग आला. अमेरिकेहून आलेल्या मुलाची भरसभेत उलटतपासणी! मी म्हणालो, "बाबा, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." ते काही बोलले नाहीत.

बाबा २००९ मध्ये गेले. पुढच्या वर्षी घर आवरताना त्यांच्या लोखंडी ट्रंकेत एक फाईल मिळाली. मी अमेरिकेतून पाठवलेली सगळी पत्रं, तारखेप्रमाणे लावलेली. त्यात १४ मार्च १९९७ चं पत्र होतं. घटनेच्या दुसऱ्या दिवशीचं, माझ्याच अक्षरातलं. पगार, नवीन कुकर, इथली तुरीची डाळ, आणि मग चार ओळी. काल रात्री दहा वाजता हिने हाक मारली म्हणून बाल्कनीत गेलो, लांब डोंगरावर पाच-सहा पिवळे दिवे रांगेत होते, चार-पाच मिनिटांत एकेक करून विझले, ही म्हणाली सैन्याचं काहीतरी असेल, छान दिसत होतं.

एवढंच. डोक्यावरून काही गेलं नव्हतं. त्रिकोण नव्हता. तारे झाकले गेले नव्हते. आणि कुत्री? आमच्या अपार्टमेंटमध्ये कुत्री पाळायला परवानगीच नव्हती!

'दहा वाजता' आणि 'चार-पाच मिनिटांत' या शब्दांखाली बाबांनी लाल पेन्सिलीने रेघ मारली होती. म्हणजे गच्चीवर प्रश्न विचारताना त्यांना उत्तरं माहीत होती. पत्र त्यांच्या ट्रंकेत होतं. पोरांसमोर त्यांनी मला उघडं पाडलं नाही, एवढंच. मी ट्रंकेशेजारी फरशीवर बराच वेळ बसून राहिलो. आता त्यांना 'तुमचं बरोबर होतं' असं सांगायचीही सोय नव्हती.

मी खोटं बोलत होतो का? देवाशपथ नाही. तो त्रिकोण मला आजही डोळे मिटले की दिसतो. मधल्या काळात मी टीव्हीवर इतके कार्यक्रम पाहिले, इतरांच्या इतक्या कहाण्या ऐकल्या, की आठ वाजताची त्यांची घटना माझ्या दहा वाजताच्या घटनेत येऊन मिसळली. बायकोला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही तर आत टीव्ही बघत होतात. दिवे मी पाहिले. तुम्ही आलात तेव्हा दोनच उरले होते." आता तिचं खरं की पत्रातले पाच-सहा खरे? (या मुद्द्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.)

तेव्हा 'एवढी माणसं खोटं बोलतील का' याचं माझं उत्तर हे: कुणीही खोटं बोलत नाही. दिवे खरे होते, डोळे खरे होते. पण हजार साक्षीदार म्हणजे हजार स्वतंत्र पुरावे नसतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तेच वर्तमानपत्र वाचलं, तोच टीव्ही बघितला, एकमेकांना त्याच गोष्टी सांगितल्या. माहितीपटात दहा वर्षांनी रडवेल्या आवाजात बोलणारा माणूस मला ढोंगी वाटत नाही. तो मीच आहे. फक्त त्याच्या वडिलांच्या ट्रंकेत पत्र नाही.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण माझा खरा राग तिकडे आहे.

लोकांनी फोन केले, विचारलं, काय होतं हे? कुणी धड उत्तर देईना. फ्रान्सिस बारवुड नावाच्या नगरसेविकेने मे महिन्यात सभेत साधी चौकशी करायची मागणी केली. ती परग्रहवासी आले असं म्हणत नव्हती. लोक विचारताहेत, शोधा, एवढंच म्हणत होती. तिची यथेच्छ टवाळी झाली. मग जूनमध्ये राज्यपाल फाइफ सिमिंग्टन यांनी पत्रकार परिषद बोलावली. (इथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी निवडून दिलेला.) जबाबदार सापडला, असं म्हणाले आणि पुढे आणलं कुणाला? स्वतःच्या कार्यालयातल्या प्रमुख सहकाऱ्याला, परग्रहवासीयाचा मुखवटा चढवून, हातात बेड्या घालून! सगळे हसले. ज्यांनी आकाशात काहीतरी पाहिलं होतं ते सोडून सगळे. मीही हसलो नाही. माझी गोष्ट मोठी व्हायला लागली ती, मला वाटतं, त्या दिवसापासून. कुणी आपल्याला वेड्यात काढलं की माणूस पाहिलेलं जास्त जोराने सांगू लागतो.

फ्लेअरचा खुलासा आला जुलैच्या अखेरीला. चार महिन्यांनी! तोवर कोण विश्वास ठेवणार? आणि पहिल्या घटनेतली विमानं कुठल्या तुकडीची होती, याचा पक्का कागद तर जनतेपुढे ठेवलाच गेला नाही. याहून कळस म्हणजे १० वर्षांनी, २००७ मध्ये, हेच सिमिंग्टन म्हणाले की त्या रात्री मीही ते पाहिलं होतं आणि ते या जगातलं वाटलं नाही. म्हणजे पदावर असताना लोकांची चेष्टा आणि पद गेल्यावर लोकांच्या भ्रमाला दुजोरा. दोन्ही वेळा एक गोष्ट टाळली: तपास.

"असू दे ना, लोकांनी मानलं यान तर कुणाचं काय बिघडतं?" असं माझे इथले मित्र म्हणतात. बिघडतं. त्या १३ मार्चनंतर दोनच आठवड्यांनी, २६ मार्च १९९७ ला, कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका बंगल्यात ३९ माणसांचे मृतदेह सापडले. 'हेवन्स गेट' नावाचा पंथ. हेल-बॉपच्या मागून एक यान येतंय आणि देह सोडला की आपण त्यात बसून जाऊ, अशी त्यांची श्रद्धा. या 'यानाची' अफवा पसरली होती आदल्या नोव्हेंबरात एका हौशी माणसाने काढलेल्या फोटोवरून. रेडिओवर तिची भरपूर चर्चा झाली. खगोलशास्त्रज्ञांनी लगेच सांगितलं की तो ठिपका म्हणजे एक साधा तारा आहे. पण सगळ्यांत अंगावर येणारी बातमी पुढची. त्या पंथाच्या लोकांनी म्हणे चांगली दुर्बीण विकत आणली होती आणि ती दुकानात परत केली. का? तर तिच्यातून धूमकेतू दिसतो, पण मागचं यान दिसत नाही!

फीनिक्सच्या पोराने दुर्बिणीवर विश्वास ठेवला आणि मान्यता बाजूला सारली. यांनी मान्यता धरली आणि दुर्बीण परत केली. माणसं दोन्हीकडे चांगलीच होती.

तुम्ही म्हणाल, अमेरिकन वेडे आहेत, आपलं काय? असं म्हणू नका. २१ सप्टेंबर १९९५ आठवतो? मी तेव्हा नागपुरात होतो, रांगेत उभा होतो, गणपतीच्या सोंडेला चमचा मीही लावला होता. दूध खरंच गेलं! लाखो लोकांनी पाहिलं आणि लाखो लोकांनी खरंच पाहिलं. दूध चमच्यातून पृष्ठताणामुळे मूर्तीवर ओढलं जात होतं आणि पातळ थराने खाली ओघळत होतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते दाखवलं. पाहणं बरोबर, अर्थ चूक. फीनिक्सचंच गणित.

आणि २ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळत्या गोळ्यांची रांग गेली, महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात हजारोंनी पाहिली, मोबाईलवर टिपली. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला तर आकाशातून चांगलं दोन-तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आमच्या ब्रह्मपुरीपासून हे हाकेच्या अंतरावर. उल्का म्हणा, क्षेपणास्त्र म्हणा, यान म्हणा, त्या रात्री फोनवर काय काय आलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमचा पुतण्या दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून गेला आणि फोटो पाठवला. फोटोत त्याचा हात कुठे? कड्यावर! अंतराळातून पडलेल्या टाकीत, नळीत काय विषारी उरलं असेल याची कल्पना नसताना. का गेला? "काका, तुम्ही पाहिलं होतं ना, म्हटलं आपणही बघावं." माझी गच्चीवरची गोष्ट एकवीस वर्षांनी त्याला तिथे घेऊन गेली होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

पण त्याच रात्री एक चांगली गोष्टही घडली. अवकाशात फिरणाऱ्या वस्तूंच्या कक्षा नोंदवणारे अभ्यासक जगभर आहेत. त्यांनी काही तासांतच सांगितलं की फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटचा टप्पा त्या वेळी त्या भागावरून वातावरणात शिरणार होता. नोंदी उघड्या होत्या, कुणीही पडताळून पाहाव्यात. पुढे इस्रोची माणसंही येऊन अवशेष तपासून गेली. कुणाला मुखवटा घालून नाचवावं लागलं नाही. आमच्या राज्यपालांना जे चार महिन्यांत जमलं नाही ते एका रात्रीत झालं.

दर वेळी असं होईलच असं नाही. २००८ च्या एप्रिलमध्ये फीनिक्सवर पुन्हा लाल दिवे आले, पुन्हा टीव्हीवर तज्ज्ञ आले. दुसऱ्या दिवशी कळलं की एका माणसाने हेलियमच्या फुग्यांना रस्त्यावरच्या मशाली बांधून सोडल्या होत्या. २०२४ च्या डिसेंबरात न्यू जर्सीवर 'गूढ ड्रोन' आले. एफबीआयकडे पाच हजारांवर सूचना गेल्या. त्यांतल्या पुढे तपासण्याजोग्या शंभरसुद्धा निघाल्या नाहीत. मेरीलँडच्या माजी राज्यपालांनी घरावरच्या ड्रोनचा व्हिडिओ टाकला आणि त्यात होतं मृग नक्षत्र! हसून घ्या. पण त्याच दिवसांत लोक 'ड्रोन' समजून माणसांनी भरलेल्या विमानांवर लेसर मारू लागले होते आणि वैमानिकांचे डोळे दिपत होते. आता हसू येतं का?

"पण विश्वात दुसरीकडे कुणीच नसेल का?" असेलही. मला तर असावं असं मनापासून वाटतं. पण मला वाटतं हा त्याचा पुरावा होत नाही. माझ्या डोळ्यांना दिसलं हाही होत नाही. आणि इंजिनिअर आहे, अमेरिकेत राहतो, हा तर मुळीच होत नाही. हे शेवटचं मला खास तुम्हाला, तिकडच्या वाचकांना सांगायचं आहे. आमच्यासारख्यांच्या तोंडून आलं म्हणून गोष्ट खरी धरू नका. समुद्र ओलांडला म्हणून डोळे सुधारत नाहीत. उलट सुट्टीवर आलेल्या माणसाला गच्चीवर भाव खायचा असतो.

जो विचारतो त्याला नास्तिक, फितूर, शहाणा म्हणून हिणवायची सवय आपल्याला आहे, इथल्यांनाही आहे. आपल्या राज्यात तर प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. तेव्हा टपरीवर न ऐकणारे सर असतील, तर त्यांना जपा.

असो. त्या रविवारी रात्री मी पुतण्याला परत फोन लावला. तो अजून फुगलेलाच होता. त्याला १४ मार्चच्या पत्राचा फोटो पाठवला, आजोबांच्या लाल रेघांसकट. बराच वेळ उत्तर नाही. मग आलं. "काका, मग कुत्र्यांचं काय?"

मी लिहिलं, "कुत्री मी घातली."

पाच मिनिटांनी त्याने एक फोटो पाठवला. पोरांच्या वहीचं पान. त्यावर रेघा आखून तीन रकाने केले होते: किती वाजता, कुठल्या दिशेला, किती वेळ. खाली लिहिलं होतं, "पुढच्या वेळी काही दिसलं तर आधी हे भरणार, मग तुम्हाला सांगणार."